गाडीच्या छतातला दिवा

माझ्या दुकानात, फ्यूजच्या खोक्यांमागे, गोळ्यांची एक रिकामी डबी वर्षभर पडून होती. तिच्यात एकच वस्तू. मोटारीच्या छताला आतून जो दिवा असतो, त्यातला करंगळीच्या पेराएवढा बल्ब, काच काळी पडलेला. जळलेला बल्ब कोणी जपून ठेवत नाही. मी ठेवला. फेकायला हात होत नव्हता आणि ज्याला दाखवायला हवा होता, त्याला दाखवायलाही होत नव्हता.

मी मोटारींचं वायरिंगचं काम करतो. मालवणातून देवबागकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका शटरचं दुकान आहे. एकटाच असतो. सत्तावीस वर्षांत हात बरे बसले. तोंड मात्र पहिल्यापासून कमी. गिऱ्हाईक म्हणतात, हा बोलत नाही पण काम चोख करतो. ते ऐकलं की गेलं वर्षभर मान खाली जायची. कारण एकदा मी काम चोख केलं नाही, आणि त्यानंतर जे बोललो ते बोलायला नको होतं.

सरांची गाडी शनिवारी सकाळी आली. दिवाळी होऊन गेली होती, दव पडायला लागलं होतं. सर म्हणजे आमच्या हायस्कुलातले सायन्सचे सर. नववी-दहावीला मी त्यांच्या हाताखाली होतो. व्होल्ट, ॲम्पिअर, वॅट हे शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकले, म्हणजे माझ्या पोटापाण्याची सुरुवात त्यांच्या फळ्यावर झाली. निवृत्त झाल्यावर ते आणि त्यांची बायको देवबागला राहत होते, एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मध्ये रेतीवर घर. बायकोला सगळा रस्ता आन्टी म्हणायचा, मीही. एकच मुलगी, गोव्यात नर्स.

तक्रार साधी होती. गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बारा वर्षांची छोटी गाडी, कंपनीतून आलेली टेप तशीच. टेपच म्हणतो आम्ही अजून, तिच्यात कॅसेट जायची बंद होऊन जमाना झाला तरी. आन्टींनी पेन ड्राइव्हवर जुनी कोंकणी गाणी भरून घेतली होती आणि गाडी चालू झाली की पहिला हात टेपेकडे.

सर गाडी सोडून मासळी बघायला बाजारात गेले. आन्टी माझ्या स्टुलावर बसून राहिल्या.

"तुझ्याकडे पंखो नाय रे?"

"आसा. पण तेचा वायरिंग करूचा ऱ्हवला."

"वा. गावाचा वायरिंग करतंस आणि सोताच्या पंख्याचा ऱ्हवला. लग्नाच्या बायकोक विचारूक व्हया, घरात काय काय ऱ्हवला ता."

मी हसलो. कामाला लागलो. बंद गाडीत करंट कोण खातं ते शोधायची एक रीत आहे. बॅटरीची एक तार सोडून मध्ये मीटर लावायचा, दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून गाडीला दार बंद झालंय असं भासवायचं, आणि मग थांबायचं. चाळीस मिनिटं, कधी तासभर. गाडीतल्या वस्तू एकदम झोपत नाहीत, एकेक करून डोळे मिटतात. सगळ्या झोपल्या की मीटरवर जो आकडा राहतो तो खरा. घाईने बघितलं तर फसायला होतं. हे काम हाताचं कमी, बसून राहण्याचं जास्त.

थांबलो असताना आन्टी म्हणाल्या, "तुका एक सांगू? ती टेप सकाळची आपोआप जागी असता."

"म्हणजे कसा?"

"आमची कोंबडी गाडयेच्या कव्हराखाली अंडी घालता. मी सकाळी अंडा काढूक कव्हर वर करतंय, तेव्हा टेपेचो उजेड दिसता. निळो निळो. चावी घरात खिळ्याक, आणि हय उजेड. दुपारी बघूक गेलंय तर नाय."

"आन्टी, देवचार बसत असतलो गाणी आयकत," मी भुतावर ढकललं.

"हास. तुका तो मीटर खरो आणि माणूस खोटो."

त्या हे हसतच म्हणाल्या. सर अजून बाजारातून आले नव्हते. ही गोष्ट त्यांनी त्यांना सांगितली नव्हती, कारण सर म्हणायचे गाडीखाली कोंबडी नको, आणि अंडी कुठून येतात ते सरांना कळू नये म्हणून आन्टींची धडपड चालायची. म्हणजे निळ्या उजेडाची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, त्यांना आणि मला.

मीटर खाली आला. शून्य पॉइंट शून्य दोन ॲम्पिअर. उत्तम. ज्या गाडीत काही बिघाड नाही तिचा आकडा. मी टेपेच्या बाजूने डॅशबोर्डवर दोन थापा मारल्या, सवयीने. आकडा उडाला. पॉइंट सहा. तीन-चार सेकंद तिथे थरथरला आणि परत खाली आला.

मी तो बघितला. इथे मला काही लपवायचं नाही. मी तो नीट बघितला आणि त्याचा अर्थही मला लागला. टेपेला दोन वायरी करंट आणतात. पिवळी कायमची, घड्याळ आणि मेमरीसाठी. लाल फक्त चावी फिरवल्यावर. टेपेमागच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरींच्या जोडात, ओल शिरली, खार बसला, की पिवळीतला करंट लालमध्ये पाझरतो, आणि टेपेला वाटतं चावी फिरली. ती जागी होते. ऊन चढलं, ओल सुकली, की परत झोपते. आन्टींनी मला जे सांगितलं ते हेच होतं, कोंबडीच्या अंड्यांसकट.

टेप बाहेर काढून कपलर बघायला हवा होता. दीड-दोन तासांचं काम. पण दुकानासमोर एका होमस्टेची गाडी येऊन उभी होती, आत पाहुणे, त्यांना कुडाळला रेल्वे गाठायची होती आणि हेडलाइट लागत नव्हता. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून. मी सरांच्या गाडीतून मीटर काढला. टर्मिनल घासले, ग्रीस लावलं. निदान टेपेचा फ्यूज तरी काढून ठेवावा असं मनात आलं. पण त्याच फ्यूजवर छतातला दिवा आणि घड्याळ चालतं, आणि आन्टी गाण्यांशिवाय गाडीत बसणार नाहीत, वर विचारतील का काढला, मग सांगावं लागेल की काम अर्धं आहे. बॉनेट बंद केलं.

सर पिशवी घेऊन आले. मी म्हणालो, "टर्मिनल ढिले होते सर. साफ केलंय. बॅटरी जुनी झाली, पण ह्या वर्स काढीत."

"टेपेचा काय नाय मां? ही सारखी लावता," सर म्हणाले.

"नाय नाय."

आन्टींनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, थोडी फजिती होती. माणूस काहीतरी बोलून बसतो आणि दुसरा ते हसण्यावारी नेतो, तशी.

रविवारी ती दोघं चर्चला जाऊन आली. संध्याकाळी सरांनी गाडी माडांखालच्या झावळांच्या मांडवात लावली आणि वर जाडं कव्हर घातलं. देवबागला खारा वारा इतका की कव्हर नसेल तर पत्रा दोन पावसाळे काढत नाही. सोमवार, मंगळवार गाडी तशीच. बुधवारी सकाळी साडेसहाला आन्टींच्या छातीत कळ आली. सरांनी त्यांना गाडीत बसवलं, चावी फिरवली. टक् आवाज आला, आणि नंतर तोही नाही.

रेतीतली गाडी ढकलता येत नाही. एकट्या म्हाताऱ्याला तर नाहीच. सर रस्त्यावर धावले. रिक्षा मिळून घरापाशी यायला पाऊण तास गेला. तारकर्ली ओलांडल्यावर रिक्षातच आन्टी गेल्या.

मला फोन आला तो दुपारी, शेजाऱ्याचा. सरांची गाडी चालू करून द्या, शवपेटी आणायला जायचंय. मी दुसरी बॅटरी घेऊन गेलो. घरात बायका प्रार्थना म्हणत होत्या. मी मांडवात जाऊन कव्हर वर केलं, तर खाली पुढच्या चाकाजवळ एक अंडं होतं. त्या दिवशी काढायला कोणी आलं नव्हतं.

म्हणजे आधीच्या दिवसांची त्यांनी काढली होती. सोमवारची, मंगळवारची. कव्हर वर केलं असणार आणि निळा उजेड दिसला असणार. सांगितला नाही, कारण ज्याला सांगायचा तो शनिवारी हसला होता.

मी बॅटरीला हात लावायच्या आधीच मला सगळं कळलं होतं. तेवढ्यात सर आले. अंगात सदरा उलटा. त्यांनी विचारलं ते अगदी हळू, वर्गात प्रश्न विचारायचे तसं.

"गाडी कित्याक चालू जावक नाय रे?"

मी म्हणालो, "वरचो दिवो चालू ऱ्हवलो असतलो, सर."

का म्हणालो? वर्षभर स्वतःला विचारत आलो. गाव लहान, नाव गेलं की धंदा गेला, हे एक. पण त्या क्षणी धंद्याचा विचार केला असं म्हणायलाही जीभ वळत नाही. शाळेत सर विचारायचे, हे गणित कोणी चुकवलं, आणि मी शेजारच्याकडे बघायचो. तसंच काहीसं झालं. तोच फ्यूज, तोच करंट, लोकांची बॅटरी ह्याच कारणाने दहादा उतरलेली बघितलेली. खोटं माझ्या तोंडात तयार होतं.

सर विचार करत उभे राहिले. "आयतवारी सांजची तिची तेर्साची माळ पडली होती सीटाखाली. मी मोबाइलची बॅटरी लावन शोधलंय. दिवो लावलंय काय... आठवणा नाय." मग म्हणाले, "माझ्याच हातान बटन दाबला असतला."

आणि आत गेले.

मी दुसरी बॅटरी जोडली आणि छतातल्या दिव्याचं बटण दाबलं. दिवा लागला नाही. झाकण काढलं. बल्ब जळलेला, काच आतून काळी, काजळी जुनी. कोण जाणे किती महिने तो दिवा लागतच नव्हता. सरांनी मोबाइलच्या उजेडात आन्टींची जपमाळ शोधली ती त्यामुळेच.

तिथे मला परत फिरता आलं असतं. तो बल्ब हातात घेऊन ओसरीवर जायचं, एवढंच. मी माझ्या पेटीतून नवा बल्ब काढला, तिथे बसवला, आणि बटण चालूवर ठेवून दिलं. जुना खिशात टाकला.

थोड्या वेळाने सर परत आले, दार उघडून वर बघितलं. दिवा पेटलेला होता. बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी तो स्वतःच्या हाताने बंद केला.

मुलगी दुपारनंतर गोव्याहून आली. आईच्या तोंडावरून हात फिरवला आणि बाहेर येऊन विचारलं, किती वाजता दुखायला लागलं, निघालात किती वाजता. नर्सच ती. मधला वेळ तिने मनातल्या मनात मोजला. गाडी का चालू झाली नाही म्हणाली. सर म्हणाले, माझ्याकडून दिवा राहिला. मी मांडवाजवळ उभा होतो, केबल गुंडाळत. ती माझ्याकडे वळली.

"खरा?"

मी मान हलवली. बोललोही नाही, नुसती मान.

महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, ती आली, चर्चमधूनच परत गेली. घरात पाणीही प्यायली नाही. त्यानंतर बापाशी बोलणं बंद.

आन्टींना पुरल्यावर आठवड्याने मी सरांकडून गाडी मागून आणली. म्हटलं, एकदा सगळी बघून देतो. टेप बाहेर काढली. छतावरच्या एरियलच्या बुडाशी रबर फाटलं होतं. कव्हराखाली धरलेलं दवाचं पाणी एरियलच्या वायरीवरून थेंबाथेंबाने उतरून थेट टेपेमागच्या कपलरवर येत होतं. पिवळीची पिन आणि लालची पिन, मध्ये हिरवट पांढरा खार, शेवाळासारखा. मी तो ब्रशने झाडला. जळल्या पिना कापून नव्या घातल्या, एरियलखाली सिलिकॉन भरलं. दोन तास लागले. शनिवारी लागले असते तेवढेच. शेवटी मीटर लावून तासभर बसलो. पॉइंट शून्य दोन. थापा मारल्या, पाणी शिंपडलं, हलला नाही.

काम एकदम चोख. पुरावाही त्यातच गेला.

गाडी परत न्यायला आले तेव्हा सरांनी खिशातून कॅलेंडरचं एक पान काढलं. मागच्या कोऱ्या बाजूला गणित मांडलं होतं, फळ्यावर लिहायचे त्याच अक्षरात. पाच वॅटचा बल्ब, भागिले बारा व्होल्ट. रविवारी संध्याकाळपासून बुधवारी सकाळपर्यंत साठ तास. उत्तर पंचवीस. गाडीची बॅटरी पस्तिसाची, तीही जुनी.

"बरोबर आसा मां?" त्यांनी विचारलं. "तू ह्यातलो. चूक असली तर सांग."

मी म्हणालो, "बरोबर आसा, सर."

त्यांनी पान घडी करून परत खिशात ठेवलं.

त्यानंतर ते दर महिन्याला यायचे. गाडीला काही झालेलं नसायचं. म्हणायचे, बघ, खंय करंट खाता काय. मी मीटर लावायचो, आम्ही दोघे आकडा उतरण्याची वाट बघत बसायचो. छतातल्या दिव्याच्या बटणावर त्यांनी चिकटपट्टी लावली होती, एकावर एक तीन पदर. टेप त्यांनी कधी लावली नाही. पेन ड्राइव्ह तसाच तिच्यात. मी बायकोलाही काही सांगितलं नाही. जेवताना ती विचारायची, सर कसे आहेत. बरे आहेत म्हणायचो.

एकदा असेच मीटरसमोर बसलो असताना सर म्हणाले, "मी पाद्रीक सांगलंय. कुमसाराक."

कुमसार म्हणजे त्यांच्यात पाद्रीपुढे पापाची कबुली देतात ते. मी म्हटलं, "काय सांगलास?"

"काय म्हणजे? दिव्याचा. त्यांनी माफ केल्यानी. म्हणाले, देवान कधीच माफ केल्यान." ते मीटरकडेच बघत होते. "देव माफ करता. देवाक काय जाता? माझ्या लेकीन माफ केल्यान नाय."

जे पाप त्यांनी केलंच नव्हतं त्याची कबुली देऊन ते माफी घेऊन आले होते. आणि ज्याने केलं होतं तो तिथे बसून पॉइंट शून्य दोन वाचत होता. आमच्यात अशी खोली नाही, जाळी नाही, पलीकडे कान देऊन बसलेला कोणी नाही. देवळात गाऱ्हाणं घालता येतं. मी एकदा गेलोही. गुरवाने विचारलं, कशाबद्दल घालू? मी म्हणालो, धंद्याबद्दल.

वर्ष होत आलं. सर आले, गाडीतून उतरले नाहीत. खिडकीतूनच गुरुवारचं बोलावणं केलं, "बेस्तारी वर्साचो मिस्सा आसा. तू ये."

"येतंय. ती...?"

"नाय. येवची नाय. मेसेज केल्यान. आवयसाठी थंय मिस्सा घालतलंय, तुमचो तुमी घाला म्हणान." त्यांनी काच वर केली, परत थोडी खाली केली. "बरोबर आसा तिचा. तिच्या जाग्यार मी असतंय तर मीव नसतंय इलंय."

त्या दुपारी मी एकही काम धड केलं नाही. कोणाच्या तरी हॉर्नला चुकीचा फ्यूज घातला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, शटर अर्ध्यावर ओढलं, डबी खिशात टाकली आणि देवबागला गेलो.

सर ओसरीवर पेपर वाचत होते. मला बघून चष्मा काढला.

"गाडी बघूक इलंस?"

"नाय."

मी डबी उघडून बल्ब त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला. तो गडगडत गेला, त्यांनी हाताने अडवला. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर सांगता आलं नसतं. शनिवारचा पॉइंट सहा. होमस्टेची गाडी. बुधवारी दुपारी दिव्याचं झाकण काढलं ते. नवा बल्ब घातला ते. बटण चालूवर ठेवलं ते. एरियलखालून आलेलं पाणी. आणि शेवटी आन्टी काय म्हणाल्या होत्या ते, निळ्या उजेडाचं.

सर बल्ब उन्हाकडे धरून बघत होते. तार तुटलेली, काच काळी. शाळेत आम्हाला दाखवायचे तसे फिरवून फिरवून.

"अंडी," ते म्हणाले. "माका म्हणा होती, बाजारातसून हाडलंय."

त्यांनी बल्ब खाली ठेवला.

"तुका सांगल्यान. माका नाय."

"तुमी कोंबडेवर रागावतास म्हणान..."

"ता माका कळता." आवाज चढला नाही. टेबलाच्या खणातून त्यांनी पेन्सिल काढली, पेपरचा समास माझ्याकडे फिरवला. "मांड."

"काय, सर?"

"गणित. पॉइंट सहा ॲम्पिअर म्हणालंस. ओल किती वेळ धरता?"

मी म्हणालो, सांजेपासून सकाळी ऊन चढेपर्यंत, चौदा तास धरा. तीन रात्री. त्यांनी माझ्या हातात पेन्सिल दिली. मी मांडलं. बेचाळीस गुणिले पॉइंट सहा. पन्नाशी उलटलेला माणूस, दशांश चिन्ह दोनदा गिरवलं. पंचवीस पॉइंट दोन.

सरांनी खिशातून पाकीट काढलं, पाकिटातून कॅलेंडरचं ते पान. घड्यांवर फाटत आलेलं. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघितली.

"तेव्हा मी तुका विचारलंय, चूक आसा काय. तू काय म्हणालंस?"

"बरोबर आसा म्हणालंय."

"हां."

त्यांनी पान परत पाकिटात घातलं. मागे समुद्राचा आवाज चालू होता, तो तिथे कायमचाच, कोणी ऐकत नाही. मी म्हणालो, सर, तुम्ही म्हणाल ते मी करतो. पोलिसात जाऊ म्हणालात तर जातो.

"पोलीस काय करतले? दिव्याची केस करतले?" त्यांनी फोन घेतला, नंबर लावला, माझ्या हातात दिला. "तिका सांग. माका सांगलंस तसाच. उभ्यानच सांग."

रिंग जात राहिली. मला वाटलं उचलणार नाही, आणि खरं सांगतो, मी तशी इच्छाही केली. शेवटी उचलला. ती काहीच बोलली नाही, मागे हॉस्पिटलमधली गडबड ऐकू येत होती. बापाचा नंबर बघून ती मुकाट राहिली असणार.

मी म्हटलं, मी सर नाही, गाडीवाला इलेक्ट्रिशियन बोलतोय. आणि सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं झालं नाही. सर समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते, एखादी पायरी गाळतोय का ते. मी नव्या बल्बाची गोष्ट गाळून पुढे जायला लागलो तेव्हा त्यांनी बोट वर केलं. मी मागे येऊन तीही सांगितली.

ती म्हणाली, "तुमका कधी कळला?"

"त्याच दिवशी. दुपारी."

"मी तुमका विचारलेलंय. मांडवाकडे."

"होय."

"तुमी मान हलवलास."

"होय."

पलीकडे कोणीतरी तिला हाक मारली, ती 'थांब' म्हणाली. मग मला म्हणाली, "पाऊण तास. मी वर्सभर पप्पांका त्या पाऊण तासाचा... " वाक्य पुरं केलं नाही. मी वाट बघितली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

"पप्पांकडे दी फोन."

मी दिला. सरांनी तो कानाला लावला आणि दुसऱ्या हाताने मला पायऱ्यांकडे बोट दाखवलं. मी उतरलो. मांडवात गाडी कव्हराखाली होती. मागून सरांचा आवाज आला, "हां बाय," एवढाच, पुढचं मी ऐकू नये म्हणून भराभर चाललो.

बल्ब टेबलावरच राहिला. मी मागितला नाही.

गुरुवारी मी मिस्साला गेलो नाही. सरांनी ये म्हटलं होतं ते आधी, नंतर नाही. दुकान उघडून बसलो. अकराच्या सुमाराला देवबागकडून सरांची गाडी आली, मालवणच्या दिशेने. गाडी मुलगी चालवत होती. सर शेजारी, मांडीवर फुलांची पिशवी, नजर समोर. वीस वर्षांत ते माझ्या दुकानावरून हात न करता कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले.

मुलीने वळून बघितलं. वळणापर्यंत बघत होती, रस्त्यावरची नजर काढून, गाडी चालवताना कोणी बघू नये इतका वेळ.

त्यानंतर सर आले नाहीत. महिन्याचा तो दिवस येतो, मी मीटर काढून ठेवतो, परत खोक्यात घालतो. कोणीतरी म्हणालं, सर आता गाडी कुडाळला दाखवतात. बरं आहे. तिथला माणूस चांगला आहे, थांबून बघतो.